टेम्पो मागे ठेवून या: स्पेनच्या ओसाड पठारावर येऊ पाहणाऱ्या मराठी सायकल गटांना खुले पत्र

प्रति,
युरोपात सायकल सहली आखणारे महाराष्ट्रातील सर्व सायकल गट व त्यांचे संयोजक

सप्रेम नमस्कार.

अलीकडे आपल्यापैकी अनेक गटांकडून माझ्याकडे एकाच तऱ्हेची विचारणा येऊ लागली आहे. माद्रिदच्या पूर्वेला ग्वादालाहारा, क्वेंका आणि तेरुएल या प्रांतांत दिवसभर सायकल चालवूनही मोटार दिसत नाही असे खडीचे आणि मुरमाचे रस्ते आहेत, असे ऐकले आहे. तीस-पस्तीस जणांचा गट आणायचा आहे. सामान, पाणी आणि स्वयंपाकाची सोय असलेली एक व्हॅन सोबत हवी आहे. तरी मार्ग सुचवावा, असा तिचा सूर असतो. मी माद्रिदमध्ये राहतो आणि जमेल तेव्हा याच भागात सायकल चालवतो, त्यामुळे ही विचारणा माझ्याकडे यावी हे स्वाभाविक आहे. प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपण जरूर यावे. मात्र लहान गटाने यावे, व्हॅनशिवाय यावे आणि वाटेतल्या गावांतच जेवत-राहत यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती केवळ आवडीनिवडीतून आलेली नाही, म्हणून तिची कारणे सविस्तर मांडतो.

हे रस्ते मोकळे का आहेत, हे आधी समजून घ्यायला हवे. ते सायकलस्वारांसाठी कोणी बांधलेले नाहीत. त्यांतले सर्वांत जुने म्हणजे मेंढरांचे मार्ग. उन्हाळ्यात उत्तरेच्या आणि पूर्वेच्या डोंगरांवर आणि हिवाळ्यात दक्षिणेकडच्या एक्स्त्रेमादुरा किंवा आंदालुसियाच्या उबदार कुरणांत, अशी मेरिनो मेंढ्यांची ये-जा या पठारावरून शतकानुशतके होत आली. 1273 साली राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला मान्यता दिली. 1836 मध्ये हा संघ संपुष्टात आला, पण मार्ग राहिले. आजही त्यांचे जाळे सुमारे 1,25,000 किमीचे मानले जाते आणि 1995 चा स्वतंत्र कायदा त्याचे रक्षण करतो. या कायद्यानुसार हे मार्ग सार्वजनिक मालमत्ता असून ते विकता येत नाहीत, जप्त करता येत नाहीत आणि कितीही वर्षांच्या वहिवाटीने कोणाच्या मालकीचे होत नाहीत. त्यांतल्या ‘कान्यादा’ या सर्वांत मोठ्या वर्गाची रुंदी 75 मीटरपर्यंत, ‘कोर्देल’ची साडेसदतीस मीटरपर्यंत आणि ‘वेरेदा’ची 20 मीटरपर्यंत धरलेली आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या नांगराने ही रुंदी खाल्लेली आहे, कुठे डांबरी रस्ताच त्यावरून गेला आहे, तर कुठे मधोमध दोन चाकोऱ्या आणि दुतर्फा गवत एवढेच उरले आहे. हद्दीचे दगड जिथे उभे आहेत तिथे मात्र, एवढी जमीन केवळ चालत्या जनावरांसाठी राखून ठेवणाऱ्या समाजाबद्दल मनात आदर दाटून येतो.

दुसरे रस्ते शेतीचे. गव्हा-बार्लीच्या या प्रदेशात वाटण्या होत होत एकेका कुटुंबाची जमीन दहा-वीस तुकड्यांत विखुरली होती. 1952 च्या कायद्यानंतर सरकारने ती एकत्र करून नव्याने वाटायला घेतली आणि प्रत्येक नव्या शेतापर्यंत ट्रॅक्टर जावा म्हणून सरळ, रुंद, दाबलेल्या खडीचे रस्ते काढले. आपल्याकडच्या पाणंद रस्त्यांचेच हे मोठे भावंड. पण ज्या वर्षांत हे रस्ते झाले, त्याच वर्षांत खेडी रिकामी होत होती. पन्नासच्या दशकापासून सत्तरच्या दशकापर्यंत माणसे माद्रिद, बार्सेलोना आणि वालेन्सियाकडे निघून गेली, कारण पूर्वी ज्या शेतावर अनेक हात लागत, तिथे एक यंत्र पुरू लागले. रस्ता आहे, पीक आहे आणि माणूस मात्र पेरणी-कापणीपुरताच दिसतो, ही आज आपल्याला मोहवणारी स्थिती अशी निर्माण झाली. डोंगराळ भागातले जंगलरस्ते थोडे वेगळे. आल्तो ताहो, म्हणजे ताहो नदीच्या वरच्या खोऱ्यातून, पूर्वी पाइनचे ओंडके नदीच्या पाण्यावरच सोडून खाली नेले जात. पुढे ती रीत संपली आणि लाकूड ट्रकने जाऊ लागले. लाकूड आणि वणवा या दोन कामांसाठी काढलेले रस्ते आता आपल्या चाकांना मिळाले आहेत.

चौथा प्रकार बंद पडलेल्या लोहमार्गांचा. स्पेनमध्ये 1993 साली असे 7,600 किमीहून अधिक मार्ग पडून होते आणि त्याच वर्षी त्यांतले काही पादचारी व सायकलस्वारांसाठी खुले करण्याचा ‘विया वेर्दे’ हा कार्यक्रम सुरू झाला. तेरुएल प्रांतातल्या ओहोस नेग्रोसच्या खाणीतले लोखंडाचे खनिज भूमध्य सागरावरच्या सागुंतो बंदरापर्यंत नेणारी खासगी रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली आणि 1972 मध्ये थांबली. तिच्या जागी झालेला सुमारे 160 किमीचा मार्ग स्पेनमधला सर्वांत लांब विया वेर्दे समजला जातो. तोलेदो प्रांतातला ला हारा मार्ग तर याहून चमत्कारिक आहे. तिथे बोगदे खोदले गेले, ताहोवर पूल झाला, स्थानकांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि गाडी मात्र एकदाही धावली नाही. नवशिक्या गटाला सौम्य चढउताराचा, सुमारे 52 किमीचा हा मार्ग मी सर्वांत आधी सुचवतो; बोगद्यांसाठी पुढचा दिवा तेवढा चांगला असावा.

पण प्रत्येक विया वेर्दे म्हणजे एका गेलेल्या सेवेची खूण आहे, हेही विसरता येत नाही. जुलै 2022 मध्ये माद्रिद ते वालेन्सिया या जुन्या मार्गावरची, क्वेंका शहरातून जाणारी आरान्हुएस ते उतिएल ही रेल्वे बंद झाली. अतिवेगवान गाडी क्वेंकाला थांबते, पण जुनी गाडी ज्या लहान गावांतून जात होती, त्या गावांना ती थांबत नाही. रूळ काढून तिथे सायकल मार्ग करावा अशी कल्पना पुढे आली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. मी सायकलस्वार असूनही त्यांचे म्हणणे मला पटते. दवाखान्यात जायला गाडी हवी असलेल्या म्हातारीला रविवारच्या पाहुण्यांचा मार्ग देऊन समाधान मानायला सांगणे न्यायाचे नाही.

तेरुएल प्रांतात दर चौरस किलोमीटरला सरासरी नऊच्या आसपास माणसे राहतात. ग्वादालाहारा प्रांताच्या पूर्वेकडचा मोलिनाचा परिसर त्याहूनही विरळ आहे. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेनुसार हा आकडा 365 होता. आपण ज्याला शांतता म्हणतो, त्याला इथले लोक ‘रिकामा केलेला स्पेन’ म्हणतात, आणि त्यात तक्रार आहे. ‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे तेरुएल अस्तित्वात आहे, एवढेच म्हणणारी चळवळ 1999 मध्ये उभी राहिली; 31 मार्च 2019 रोजी अशा प्रांतांतले लोक मोठ्या संख्येने माद्रिदच्या रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत या चळवळीने संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागाही मिळवली. त्यांच्या मागण्या साध्या आहेत: डॉक्टर, शाळा, रेल्वे, इंटरनेट. मोटारी नसलेल्या रस्त्याचे आपण कौतुक करतो, तेव्हा तिथे मोटारी का नाहीत याचे हे उत्तर मनाशी असू द्यावे.

आता व्हॅनकडे येतो. पंढरपूरच्या सायकल वारीची आपली पद्धत मला ठाऊक आहे आणि तिच्याबद्दल प्रेमही आहे. शेकडो सायकली, मागे बॅगा नेणारा टेम्पो, ठरलेल्या ठिकाणी चहा-पोहे आणि पंक्चर काढायला सज्ज असलेली मंडळी, ही व्यवस्था त्या रस्त्याला आणि त्या गर्दीला शोभते. परदेशी सहलीतही आपण नकळत तीच व्यवस्था मांडू पाहतो. या पठारावर मात्र ती दोन कारणांनी बसत नाही. पहिले कारण कायद्याचे. मेंढरांच्या मार्गांवर शेतीकामाखेरीज अन्य मोटार वाहनाला अपवादात्मक परवानगीशिवाय जाता येत नाही आणि अनेक जंगलरस्त्यांवरही मोटारींना बंधने आहेत. मेंढरांच्या मार्गांच्या त्या 1995 च्या कायद्याच्या सतराव्या कलमात मात्र पायी चालणे, घोडेस्वारी आणि बिनमोटारीच्या वाहनांवरचा प्रवास यांना मुभा आहे, अट एकच की कळपाला प्राधान्य द्यावे. म्हणजे ज्या वाटेवर आपल्याला हक्काने जाता येते, त्याच वाटेवर आपली व्हॅन नियमबाह्य ठरते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोलिनाच्या दक्षिणेकडच्या एका गावातला बार माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. हिवाळ्यात त्या गावात मोजकीच घरे उघडी असतात. बार चालवणाऱ्या बाईंकडे मुक्कामाच्या खोल्यांच्या किल्ल्या असतात, टपालाची पाकिटे त्यांच्याकडे ठेवली जातात आणि पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवत चौकात आली की ज्या म्हाताऱ्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांचे पाव त्याच उतरवून घेतात. काउंटरच्या मागे खिळ्यांना कापडी पिशव्या टांगलेल्या असतात आणि प्रत्येक पिशवीवर एकेक नाव शिवलेले असते. अशा भागात कित्येक ठिकाणी बारची जागा ग्रामपंचायतीची असते आणि ती नाममात्र भाड्याने दिलेली असते, कारण बार बंद झाला की गावात एकत्र बसायला जागाच उरत नाही, हे पंचायतीला कळते. गेल्या वसंतात त्या गावात परदेशी सायकलस्वारांचा एक मोठा गट येणार असे कळले, म्हणून बाईंनी सकाळी लवकर दार उघडले, बटाट्याचे दोन मोठे ऑम्लेट करून ठेवले. गट आला. त्यांच्या व्हॅनने चौकात टेबले मांडली, गॅसवर कॉफी झाली, माद्रिदच्या मोठ्या दुकानातून आणलेली केळी आणि पाव वाटले गेले, सर्वांनी कारंज्यावर बाटल्या भरल्या आणि अर्ध्या तासात ते हात हलवून निघून गेले. कोणी उद्धटपणे वागले नाही, कचराही टाकला नाही. बाईंनी ऑम्लेटचे तुकडे करून दुपारी घरोघर पाठवले. मी तिथे एकटाच गिऱ्हाईक होतो आणि मला त्या गटाची लाज वाटली.

हेच चित्र उलटेही होऊ शकते. सहा-आठ जणांचा गट आदल्या दिवशी दूरध्वनी करून आला, तर तेवढ्या माणसांचे जेवण आणि मुक्काम असे गाव सहज पेलू शकते. तीस जणांचे पेलू शकत नाही, कारण तेवढ्या खोल्या नाहीत, तेवढा पाव आलेला नसतो आणि वाढायला हात एकच असतो. म्हणून मोठा गट असेल तर त्याचे चार-पाच भाग करावेत आणि ते एकेका दिवसाच्या अंतराने सोडावेत. मग त्याच गावाला सलग काही दिवस गिऱ्हाईक मिळते. आपल्यातल्या ज्यांनी बीआरएमच्या, म्हणजे सोबतच्या गाडीशिवाय स्वतःच्या बळावर करायच्या, लांब पल्ल्याच्या राइड्स केल्या आहेत, त्यांना स्वतःचे सामान स्वतः वाहून नेण्याची सवय आहेच. बाकीच्यांना एक हँडलबारची आणि एक सीटमागची पिशवी पुरते. रेल्वेचीही तीच अट आहे. माद्रिदहून सिग्वेंसाला किंवा सारागोसाहून तेरुएलला जाणाऱ्या साध्या गाड्यांत मोजक्याच सायकली चढवता येतात, आणि अतिवेगवान गाडीत तर सायकल सुटी करून पिशवीत भरावी लागते.

मार्गांविषयी थोडे सांगतो. तेरुएल शहरातून निघून तिथेच परत येणारा, आल्तो ताहो आणि क्वेंकाच्या डोंगरांतून जाणारा ‘मोंतान्यास वासियास’ हा जवळपास 700 किमीचा मार्ग सध्या सर्वांत जास्त नावाजलेला आहे. तो तिथल्याच एका सायकलस्वाराने आखला आणि सर्वांसाठी विनामूल्य खुला ठेवला. त्याचा बराचसा भाग हजार मीटरच्या वर आहे, दोन गावांमधले अंतर मोठे आहे आणि मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून पहिल्याच सहलीला तो पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. बुर्गोसजवळून निघून भूमध्य सागराकडे जाणाऱ्या ‘कामिनो देल सिद’ या मार्गाचा आत्येंसा, सिग्वेंसा, मोलिना हा टप्पा गटांना अधिक सोयीचा आहे. त्यासाठी एक प्रवासपत्रिका मिळते आणि वाटेतल्या गावांत तिच्यावर शिक्के मारून घेता येतात. शिक्क्याच्या निमित्ताने माणूस गावात थांबतो, दोन शब्द बोलतो, काहीतरी घेतो, आणि मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

ऋतू मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हाच. जुलै-ऑगस्टमध्ये सखल भागात दुपारी तापमान सहज 35 अंशांच्या वर जाते आणि सावलीला झाड नसते. हिवाळ्याचे म्हणाल तर मोलिनात जानेवारी 1952 मध्ये उणे 28.2 अंश नोंदले गेले आहेत. आजही तिथली पहाट हाडे गोठवते. पावसानंतर लाल चिकणमातीचे रस्ते एक-दोन दिवस टाळावेत, कारण ती माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासे होते. शिवाय ओल्या रस्त्यावर पडलेल्या आपल्या चाकोऱ्या वाळल्यावर तशाच राहतात. टायर किमान 45 मिमीचे आणि ट्यूबलेस असावेत. सोलापूर-पंढरपूरकडे आपल्याला छळणारा सराटा इथेही तितकाच माजलेला असतो, तेव्हा टायरची भोके बुजवणाऱ्या सीलंटची जास्तीची बाटली न विसरता घ्यावी.

कळप दिसला की सायकलवरून उतरावे. मेंढपाळ लांब असेल आणि राखणीचे मास्तीन कुत्रे आधी पुढे येतील. हे कुत्रे अंगाने प्रचंड असतात आणि उत्तरेकडच्या डोंगरात लांडगे परतल्यापासून त्यांची गरज पुन्हा वाढली आहे. अशा वेळी जोरात पॅडल मारून निसटायला जाणे ही सर्वांत वाईट युक्ती होय. सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून, शांतपणे बोलत, कळपाला वळसा घालून चालत जावे. फाटक जसे असेल तसेच ठेवावे, बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे. तिरकी दुभागलेली काळी-पांढरी छोटी पाटी जागोजागी दिसेल. ती शिकारीच्या राखीव क्षेत्राची खूण असते, तिने सार्वजनिक रस्ता बंद होत नाही. मात्र ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत शनिवार-रविवारी हाकाटीची शिकार चालते, त्यामुळे आदल्या रात्री गावात विचारून घ्यावे आणि तसे सूचनाफलक दिसले तर मागे फिरावे.

आगीबद्दल मी काहीही सवलत मागू देणार नाही. जुलै 2005 मध्ये ग्वादालाहारा प्रांतात सहलीला आलेल्या लोकांनी मांस भाजण्यासाठी पेटवलेल्या चुलीतून वणवा लागला. सुमारे 13,000 हेक्टर रान जळाले आणि आग विझवायला गेलेले अकरा जण मृत्युमुखी पडले. त्या गावांत ही घटना आजही आवाज खाली करून सांगितली जाते. म्हणून रानात स्टोव्ह नाही, चहासाठीसुद्धा नाही. तंबूचे नियम प्रत्येक स्वायत्त प्रदेशात आणि प्रत्येक संरक्षित उद्यानात वेगळे आहेत. विचारल्याशिवाय तंबू ठोकू नये.

शाकाहारी मंडळींची चिंता मला समजते, आणि व्हॅनचा आग्रह बहुधा तिथूनच येतो. इथल्या गावठी जेवणात डुकराचे मांस खरोखरच सर्वत्र आहे; लसणाच्या सुपातही हॅमचे तुकडे असतात आणि पावाच्या चुऱ्याच्या ‘मिगास’मध्येही. तरी बटाट्याचे ऑम्लेट, मांचाचे मेंढीच्या दुधाचे चीज, टोमॅटो लावलेला भाजका पाव आणि टोमॅटो-ढोबळी मिरचीचे ‘पिस्तो’ एवढ्यावर आठवडा व्यवस्थित निघतो. अंडेही न खाणाऱ्यांनी आदल्या दिवशी तसे स्पष्ट कळवावे. दोन ओळी स्पॅनिशमध्ये लिहून ठेवलेला कागद पुरतो. दुपारचे जेवण दोन ते चार, दुकाने दोनपासून पाचपर्यंत बंद, आणि पुष्कळ बार आठवड्यातून एक दिवस बंद असतात. कारंज्याचे पाणी बहुतेक ठिकाणी गावकरीही पितात, पण ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असेल तर ती मानावी.

ज्या गटांनी पुढच्या मे महिन्याचा बेत आखला आहे, त्यांनी मला गटातील माणसांची संख्या, सर्वांत कमी सराव असलेल्या सदस्याचा रोजचा पल्ला आणि आहाराची अडचण एवढे तीन तपशील कळवावेत. मी मार्गाचे टप्पे, मुक्कामाच्या गावांची यादी आणि तिथे बोलण्यापुरती स्पॅनिश वाक्ये आनंदाने पाठवीन. फोन मात्र आपणच करावेत, आणि काही कारणाने बेत रद्द झाला तर तोही फोन न चुकता करावा, कारण आपल्या शब्दावर तिथे कोणीतरी पाव मागवून ठेवलेला असतो.

कळावे.

आपला,
माद्रिदस्थित एक मराठी सायकलस्वार